काळ्याला नावं कोण ठेवतं?

तुमच्या घरात शाळकरी मूल असेल, तर पोकेमॉनचा एखादा पत्ता सोफ्याच्या फटीत, दप्तराच्या तळाशी किंवा धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात तुम्हालाही सापडला असेल. आमच्याकडे हे पत्ते घरभर असतात. पिवळ्या पिकाचूच्या पलीकडे मला त्यातलं काही कळत नव्हतं. कळून घ्यायची वेळ आली ती संक्रांतीच्या तोंडावर.

माझी आई साताऱ्याहून आमच्याकडे गुरुग्रामला आली होती. येताना तिने नातीसाठी काळ्या खणाचं परकर-पोलकं शिवून आणलं होतं. सोबत हलव्याचे दागिने, तिळाच्या वड्या. लेक दहा वर्षांची. नवे कपडे बघून ती उड्या मारेल असं आम्हाला वाटलं होतं. तिने परकर-पोलकं नीट घडी घालून पिशवीत परत ठेवलं आणि म्हणाली, "आजी, छान आहे. पण मी काळं नाही घालणार."

कारण रात्री अंथरुणात कळलं. डिसेंबरात, सुट्टी लागायच्या आधी, स्कूल बसमध्ये मुलं एकमेकांना पोकेमॉनचे टाइप वाटत होती. तू फायर, तू वॉटर, तू इलेक्ट्रिक. हिच्या वाट्याला आलं, "तू तर डार्क टाइप. स्वतःकडे बघ ना!" आणि बस हसली.

माझी लेक सावळी आहे, माझ्यासारखीच. तीन आठवडे तिने हे पोटात ठेवलं होतं. मला आधी त्या मुलांचा राग आला. मग आठवलं, त्याच दिवशी दुपारी आई तिला म्हणाली होती, "उन्हात खेळू नकोस गं, काळवंडशील." आणि तिच्या आंघोळीच्या डाळीच्या पिठाचा डबा मीच भरून ठेवला होता. बसमधल्या मुलांना बोलायचा मला फारसा हक्क नव्हता.

मास्तरीणबाई शिकवतात

दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि म्हटलं, "हे डार्क टाइप म्हणजे काय असतं, मला शिकव." मुलांना शिकवायला सांगून बघा. तुम्हाला वाटतं त्याहून त्यांना कितीतरी जास्त माहीत असतं.

तिने मला जे शिकवलं, ते तुम्हालाही सांगते. या खेळातल्या प्रत्येक प्राण्याला एक किंवा दोन टाइप असतात, आणि जवळजवळ प्रत्येक टाइप कुणावर तरी भारी, कुणापुढे तरी हलका असतो. पाणी आगीवर भारी, आग गवतावर भारी, गवत पाण्यावर भारी. जपानमध्ये १९९६ साली पहिले खेळ आले तेव्हा असे १५ टाइप होते. त्यात डार्क नव्हताच. त्या खेळात साइकिक टाइपवाले, म्हणजे मनाच्या ताकदीने लढणारे, फारच शिरजोर होते. त्यांना खरोखर लागेल असा वार जवळजवळ कुणाकडे नव्हता.

१९९९ मध्ये गोल्ड आणि सिल्व्हर हे पुढचे खेळ आले आणि त्यांच्याबरोबर दोन नवे टाइप आले, स्टील आणि डार्क. डार्कवर साइकिकच्या वाराचा परिणाम शून्य. कमी नाही, शून्य! उलट डार्कचा वार साइकिकवर दुप्पट बसतो. एका टाइपाची दादागिरी मोडली. त्या वेळी डार्क टाइपचे प्राणी होते अवघे सहा. पुढे २०१३ मध्ये फेअरी टाइप आला आणि एकूण १८ टाइप झाले. डार्कला हरवू शकतात ते फायटिंग, बग आणि ही नवी फेअरी, म्हणजे सरळ मारामारी करणारे, किडे आणि पऱ्या.

"पण साइकिकचं डार्कवर का चालत नाही?" मी विचारलं.

"कारण साइकिक मनातलं ओळखतो. डार्कवाले काय करतील ते ओळखताच येत नाही." तिने मला त्यांचे डाव दाखवले. एक डाव आहे समोरचा हात उगारतोय तेवढ्यात आधी मारायचा. समोरचा हल्ला करणारच नसेल तर तो फुकट जातो. एक डाव समोरच्याजवळची वस्तू पळवायचा. आणि एक डाव असा, की वार आपण करायचा पण ताकद मोजायची समोरच्याची. तो जितका बलवान, तितका त्यालाच जास्त मार.

मग तिने खालच्या आवाजात सांगितलं, "आई, जपानीत याचं नाव डार्क नाहीच. तिकडे म्हणतात अकु. अकु म्हणजे वाईट, दुष्ट."

मला वाटलं, झालं, आता हिची समजूत कशी काढू? नाव तर आणखीच वाईट निघालं. पण गंमत बघा. तोच टाइप इंग्रजीत गेला आणि 'दुष्ट'चा 'डार्क' झाला. फ्रेंचमध्ये त्याचं नाव अंधार. जर्मनमध्ये त्याच्यासाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ 'प्रकाश नसणं'. प्राणी तेच, डाव तेच. जपानमध्ये वागण्यावरून ठेवलेलं नाव बाहेर पडल्यावर रंगावर आलं. वाईट म्हणजे काळं, ही उडी भाषांतर करणाऱ्याने मारली आणि जगभरच्या मुलांनी ती निमूट स्वीकारली. आमच्या बसमधल्या मुलांनी उलटी उडी मारली, एवढंच.

दुष्टांच्या यादीतले तिघे

मग तिने तीन पत्ते माझ्यापुढे मांडले.

पहिला अंब्रियन. काळाभोर, अंगावर चमकणारी पिवळी वलयं. त्या सुरुवातीच्या सहांपैकी निव्वळ डार्क असा हा एकटाच. ईव्ही नावाच्या छोट्याशा प्राण्यापासून तो होतो. कधी? ईव्हीचा तुमच्यावर भरपूर जीव जडलेला असेल आणि वेळ रात्रीची असेल, तेव्हा. म्हणजे ज्याला जपानीत 'दुष्ट' म्हणतात, तो तयार होतो मायेतून.

दुसरा मर्क्रो, डोक्यावर टोपीसारखी पिसं असलेला कावळा. रात्री दिसला तर अपशकुन, म्हणून लोक त्याला टाळतात, असं खेळातच म्हटलेलं आहे. आईने चष्मा लावून पत्ता बघितला आणि म्हणाली, "आपल्याकडे कावळा ओरडला की पाहुणे येतात. आणि तो शिवल्याशिवाय पिंडाचं काम अडतं. अपशकुनी कसा?"

तिसरा अ‍ॅब्सॉल, २००२ मध्ये आलेल्या खेळांतला. याचं अंग चक्क पांढरं, तोंड तेवढं काळपट. त्याला संकटाची चाहूल आधी लागते. भूकंप, पूर येणार असला की तो डोंगरावरून खाली उतरतो, माणसांना सावध करायला. लोक काय बघतात? हा दिसला आणि मागोमाग संकट आलं. म्हणून त्याचं नाव पडलं आपत्तीचा पोकेमॉन. सांगायला आला त्याच्यावरच आळ.

"त्याची काहीच चूक नाही," लेक म्हणाली. तीन आठवडे जे ती स्वतःबद्दल बोलू शकली नव्हती, ते अ‍ॅब्सॉलबद्दल बोलली.

काला अंबकडे

१४ जानेवारीला आम्ही पानिपतला जायचं आधीच ठरवलं होतं. दिल्लीच्या परिसरात राहणाऱ्या मराठी माणसाला एकदा तरी काला अंबला जाऊन यावंसं वाटतंच. गुरुग्रामहून दिल्ली ओलांडून उत्तरेकडच्या महामार्गाला लागायचं, धुकं असेल तर तीन तास धरायचे. आईने काळी चंद्रकळा नेसली होती. लेकीने लाल स्वेटर घातला होता. परकर-पोलक्याचा विषय कुणी काढला नाही.

गाडीत आईने गोष्टी सुरू केल्या. गनिमी कावा म्हणजे काय, थोड्या माणसांनी मोठ्या फौजेला कसं जेरीस आणायचं, अंगावर धावून गेलं की पसार व्हायचं, रसद तोडायची, शत्रू गाफील असेल तेव्हा गाठायचं. मागच्या सीटवरून आवाज आला, "आजी! म्हणजे मराठे डार्क टाइप होते!"

आम्ही हसलो. पण विचार केला तर तिचं खरं होतं. आधी मारणं, सामान पळवणं, शत्रूचंच बळ त्याच्यावर उलटवणं. आणि नावाचंही तसंच. गनीम म्हणजे शत्रू. मोगलांच्या लेखी गनीम म्हणजे मराठे. दुसऱ्याने शत्रू म्हणून जो शब्द वापरला, तो आपण आपल्या युद्धकलेच्या नावात ठेवून घेतला आणि आज मोठ्या अभिमानाने उच्चारतो.

"मग पानिपतला काय झालं?" तिने विचारलं.

"तिथे समोरासमोर लढले. तोफा लावून, मैदानात."

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "पण डार्क टाइप फायटिंगपुढे हरतो. भाऊंनी टाइप का बदलला?"

या प्रश्नावर मराठीत कपाटं भरतील एवढी पुस्तकं आहेत. मी तिला जमेल तेवढं सांगितलं. सूरजमल जाटाने आणि मल्हारराव होळकरांनी सल्ला दिला होता, की जड सामान आणि बायकामुलं मागे सुरक्षित ठेवा आणि आपल्या जुन्या पद्धतीने लढा. सदाशिवरावभाऊंचा भरवसा इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्यावर आणि कवायती पायदळावर होता. पण नुसतं "भाऊंचं चुकलं" म्हणून हात झटकता येत नाहीत. छावणीत लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू होते, कुटुंबं होती, बाजारबुणगे होते. एवढा संसार पाठीवर असताना पळत पळत कसं लढणार? शिवाय ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांची दिल्लीकडची वाट अडली. रसद तोडायचा डाव शत्रूने आपल्यावर केला. त्याची रसद तोडायला गेलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. उपाशी माणसं आणि उपाशी घोडे घेऊन अखेर मैदानात उतरावं लागलं.

"म्हणजे बदलला नाही," लेक म्हणाली. "बदलावा लागला."

झाडाचा काय दोष?

काला अंब शहरापासून काही किलोमीटरवर आहे. बाग, लोखंडी कुंपण आणि मधोमध विटांचा स्तंभ. ज्या आंब्यावरून हे नाव पडलं तो आंबा आता नाही. इथे इतकं रक्त सांडलं की माती काळी पडली, आंब्याची पानंही काळपट झाली, फळ कापलं की रस गडद निघे, असं लोक सांगत आले. दाट झाडाची सावलीच गर्द काळी होती, असंही कुणी म्हणतं. झाड वाळल्यावर त्याच्या लाकडाचे कोरीव दरवाजे केले गेले. ते पानिपतच्या संग्रहालयात ठेवले आहेत.

दरवर्षी या तारखेला इथे माणसं जमतात. आम्ही गर्दी व्हायच्या आत पोचलो होतो. आईने स्तंभापुढे तिळगूळ ठेवला आणि हात जोडले. पानिपतची बातमी पुण्याकडे गेली ती सावकारी सांकेतिक भाषेत, ही गोष्ट तिने नातीला सांगितली. पत्रात मोती गळाल्याचं लिहिलं होतं, ते भाऊ आणि विश्वासराव. मोहरा हरवल्या, ते सरदार. आणि चांदी-तांब्याच्या खुर्द्याची तर गणतीच नव्हती. तो खुर्दा म्हणजे साधी माणसं. त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत.

लेक बराच वेळ स्तंभाकडे बघत होती. मग म्हणाली, "आई, झाड तर आधीपासूनच इथे होतं ना? ते नुसतं उभं होतं. अ‍ॅब्सॉलसारखं."

खरंच की. लढाई माणसांनी केली. काळं झालं ते झाड.

संक्रांतीवरचा आळ

तुम्हाला आणखी एक गंमत सांगते, जी मलाही उशिरा कळली. पानिपत संक्रांतीच्या दिवशी झालं, असं आपण सगळेच म्हणतो. 'संक्रांत कोसळली' म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर पानिपतच येतं. लढाईची तारीख १४ जानेवारी १७६१, हे पक्कं. वार बुधवार, तिथी पौष शुद्ध अष्टमी. पण संक्रांत कायम १४ जानेवारीला येत नाही. इंग्रजी तारखांच्या हिशेबात ती साधारण ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंद संक्रांतीला जन्मले आणि त्यांची जन्मतारीख आहे १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षं मागे जा. १७६१ ची संक्रांत लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती.

म्हणजे बिचाऱ्या संक्रांतीवरही आळच. ज्या दिवशी ती नव्हतीच, त्या दिवसाचं खापर तिच्या माथी.

आणि या सणाला आपण नेसतो काय? काळं. एरवी सणासुदीला वर्ज्य असलेला रंग थंडीत ऊब धरतो म्हणून संक्रांतीला मानाचा. परतीच्या वाटेवर आई मोजत बसली. मंगळसूत्रातले मणी काळे. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून लावायची तीट काळी. पंढरीचा विठोबा सावळा. आणि शेतकरी जमिनीला म्हणतो काळी आई. "आणि तरी," आई म्हणाली आणि थांबली.

बरंच अंतर गेल्यावर ती नातीला म्हणाली, "आम्ही तिघी बहिणी. दोघी गोऱ्या, मी काळी. बघायला आलेले लोक तोंडावर बोलायचे. तुला कुणी तसं बोलू नये म्हणून मी तुला उन्हातून आत ओढते गं. पण म्हणजे पहिली बोलणारी मीच झाले की."

लेकीने उत्तर दिलं नाही. आजीच्या मांडीवर डोकं ठेवून ती झोपून गेली. सत्तर वर्षांच्या आईला हे बोलायला काला अंबपर्यंत यावं लागलं. मला डाळीच्या पिठाचा डबा आठवत होता.

मराठीत एका टिंबाचा खेळ आहे. 'नाव ठेवणं' म्हणजे बारसं, आणि 'नावं ठेवणं' म्हणजे खोड काढणं. काळ्याच्या बाबतीत आपण बारसं करतानाच खोड काढतो. पण ठेवलेल्या नावाचं पुढे काय करायचं, हे ज्याचं त्याच्या हातात असतं. पानिपतातून जखमी पायाने महादजी शिंदे वाचले. त्यांना वाचवणारा राणेखान हा पाणी वाहणारा भिस्ती होता, त्या न मोजलेल्या खुर्द्यातलाच एक. पानिपत म्हणजे सर्वनाश, हे नाव जगाने ठेवलं. दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठे पुन्हा दिल्लीत होते.

त्या रात्री घरी पोचल्यावर लेकीने पिशवीतून परकर-पोलकं काढलं आणि हलव्याचे दागिने घालून आजीसोबत फोटो काढला. सुट्टी संपून शाळा सुरू झाली तेव्हा तिच्या दप्तराला अंब्रियनची किल्लीची साखळी लटकत होती. बसमध्ये पुन्हा कुणी काही बोललं का, हे मी दोन दिवस विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

"बोलले," ती म्हणाली. "मी सांगितलं, हो, डार्क टाइप. साइकिकचं चालत नाही माझ्यावर."

सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. रंगावरून बोलणारे तिला पुढेही भेटतील आणि सगळ्यांना पोकेमॉन कळेलच असं नाही. पण डाळीच्या पिठाचा तो डबा मी रिकामा केला. त्याची आम्ही भजी तळली.

यंदा संक्रांतीला तुम्ही काळं नेसाल, घालाल, मुलांना घालाल. तेव्हा घरातल्या सावळ्या पोराला किंवा पोरीला एकदा विचारा, तुला कुणी काय म्हणतं का? आणि ते सांगत असताना मधेच बोलू नका. कदाचित ते आधी एखाद्या पांढऱ्या अंगाच्या, शिंगवाल्या प्राण्याची गोष्ट सांगेल. ती पूर्ण ऐका.